मातीचा वाद आणि किलार्नीचा डिकीन

प्रो कबड्डीचा लिलाव झाला, किंवा एखाद्या गावाने शिवजयंतीची स्पर्धा मातीऐवजी मॅटवर घ्यायचं ठरवलं, की घरच्या मंडळींमध्ये तोच वाद पुन्हा पेटतो. एक बाजू म्हणते, मॅटवर बूट घालून, तीस सेकंदांच्या घड्याळावर खेळतात ती आपली हुतूतू नव्हेच. दम गेला, माती गेली, उरलं ते टीव्हीचं. दुसरी बाजू म्हणते, मॅट आली म्हणून पोरांच्या घरात चार पैसे आले आणि सोललेले गुडघे घेऊन नोकरीसाठी दारोदार फिरणं थांबलं. दोघांनाही खेळाची मनापासून कळकळ आहे. पण आयर्लंडात राहून हा वाद ऐकला की सारखं वाटतं, आपण नको त्या जागी भांडतोय. इथे गेलिक फुटबॉल नावाचा देशी खेळ १४० वर्षं टिकून आहे. तो जसाच्या तसा राहिला म्हणून टिकला, असं त्याचा इतिहास अजिबात सांगत नाही.

हे नीट समजून घ्यायचं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक खेळाडू पाहावा. रिचर्ड फिट्झजेरल्ड. जन्म १८८२, गाव केरी काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) किलार्नी, क्लब डॉक्टर क्रोक्स. गावाने त्याला लाडाने डिकीन म्हटलं आणि तेच नाव देशभर चाललं. काउंट्यांच्या संघांमध्ये होणाऱ्या अखिल आयर्लंड अजिंक्यपदाची पाच पदकं त्याच्या नावावर आहेत: १९०३, १९०४, १९०९, १९१३ आणि १९१४. शेवटच्या दोन वेळी तो कर्णधार होता.

आधी खेळ कसा आहे ते थोडक्यात. दोन्ही बाजूंना १५ जण. मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद, म्हणजे सॉकरच्या मैदानाहून बरंच ऐसपैस. गोलखांब एच अक्षराच्या आकाराचे. आडव्या दांडीखालून चेंडू जाळीत गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून, पण दोन खांबांच्या मधून गेला की पॉइंट, त्याचा एक. स्कोअर २-३ असा लिहितात. त्याचा अर्थ दोन गोल, तीन पॉइंट, एकूण नऊ. चेंडू हातात धरता येतो, पण चार पावलांच्या पुढे तसाच नेता येत नाही. मग एकदा जमिनीवर टप्पा द्यायचा, पुढच्या वेळी बुटाच्या टोकाने वर उडवून परत हातात घ्यायचा. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. आज या खेळाची ओळख असलेली ही पायाने उडवत धावण्याची लकब डिकीनच्या काळी रुळलेली नव्हती. तिचं श्रेय १९२०च्या दशकातल्या मेयोच्या शॉन लव्हनला देतात. डिकीनचा खेळ होता उंच झेल, लांब किक आणि चेंडू पडेल तिथे आधी पोचणं.

आता त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीत खेळात काय काय बदललं ते बघा. तो खेळायला लागला तेव्हा एका बाजूला १७ जण असत. त्याच्याही आधी २१ असत. ते १८९२ साली १७ झाले. गोलची किंमतही त्याच्या आधीच, १८९२ मध्ये पाच पॉइंट ठरली आणि १८९६ मध्ये तीनवर आली होती. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर आणखी एकेक खांब असायचा आणि त्या बाहेरच्या फटीतून चेंडू गेला तरी पॉइंट मिळायचा. १९१० साली हे बाहेरचे खांब काढून टाकले. राहिली ती फक्त २१ फुटांची, म्हणजे साधारण ६.४ मीटरची चौकट. १९१३ मध्ये खेळाडू १७चे १५ झाले. म्हणजे डिकीनने पहिलं पदक ज्या खेळात जिंकलं आणि शेवटचं ज्या खेळात जिंकलं, त्यांत खेळाडूंची संख्याही वेगळी आणि लक्ष्यही वेगळं. आपल्याकडे मातीवरून मॅटवर जाताना इतकं तरी बदललं का?

या प्रत्येक बदलामागे कारण होतं. १७ जण एका बाजूला म्हटल्यावर चेंडूभोवती घोळका जमायचा, धक्काबुक्की व्हायची, जागाच उरायची नाही. चार माणसं मैदानातून कमी झाल्यावर धावायला आणि पास द्यायला वाट मिळाली. बाहेरचे खांब गेल्यावर नुसता लांब, अंदाजपंचे मारलेला चेंडू वाया जायला लागला आणि नेम असलेल्या खेळाडूला भाव आला. आणि नेम ही डिकीनची खासियत होती.

त्याची स्क्रू किक अजून इथली जुनी माणसं वर्णन करतात. ती नुसती कौतुकाने सोडून देण्यासारखी नाही, म्हणून जरा जवळून बघू. समजा तुम्ही उजव्या कडेला आहात, गोलरेषेच्या इतके जवळ की चौकट तुम्हाला १५ अंशांच्या तिरक्या कोनातून दिसते. समोरून ६.४ मीटर वाटणारी फट आता जेमतेम दीड-पावणेदोन मीटरची उरते. सरळ मारलेला चेंडू बहुधा जवळच्या खांबाच्या बाहेरून जातो किंवा समोरून निघून जातो. अशा वेळी उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेने चेंडूच्या आतल्या बाजूला, मध्यापासून थोडं हटून, पाय आडवा ओढत फटका द्यायचा. चेंडू फिरकी घेतो. तो आधी चौकटीच्या समोरच्या मोकळ्या जागेकडे निघतो आणि वाटेत उजवीकडे, गोलरेषेकडे वळतो. वळून दांडीवर पोचतो तेव्हा त्याच्यापुढे चौकट जास्त उघडलेली असते. मारणारा कोपऱ्यातच आहे, पण चेंडू मात्र समोरून आल्यासारखा आत जातो. डाव्या कडेला असाल तर हेच काम उजव्या पायाच्या आतल्या बाजूने करायचं.

चुकतं कुठे? फटका मध्यावर बसला तर फिरकी मिळत नाही आणि चेंडू सरळ बाहेर जातो. फार कडेला बसला तर फिरकीच फिरकी मिळते, अंतर मिळत नाही, आणि चेंडू गोलरक्षकाच्या हातात अलगद पडतो. त्यात त्या काळचा चेंडू कातड्याचा, वरून वादीने बांधलेला. केरीच्या पावसात तो पाणी पिऊन जड व्हायचा. जड चेंडू कमी वळतो आणि लवकर खाली येतो, म्हणून पहिल्या अर्ध्यात अचूक बसणारी किक दुसऱ्या अर्ध्यात आखूड पडायची. ज्याला हे कळतं तो चेंडू भिजत गेला की लक्ष्य बदलतो, थोडा जास्त आत मारतो, थोडा उंच. अशा गोष्टी कोणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत, आणि सांगणारा गेला की गावाला पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागतात.

डिकीनने त्या लिहून ठेवल्या. १९१४ साली त्याचं पुस्तक निघालं, गेलिक फुटबॉल कसा खेळावा हे सांगणारं. या खेळावरचं हे पहिलं मार्गदर्शक पुस्तक मानतात. लेखक कुणी बाहेरून बघणारा जाणकार नव्हता. त्या वर्षीच्या विजेत्या संघाचा कर्णधार होता. किक कशी मारायची, झेल कसा घ्यायचा, कोणत्या जागेच्या खेळाडूने काय करायचं, सगळ्यांनी मिळून कसं खेळायचं, असा मजकूर आणि सोबत छायाचित्रं. हे पुस्तक बाजारात आलं त्या वर्षी केरीचा वेक्सफर्डविरुद्धचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, केरी १-३, वेक्सफर्ड ०-६, दोघांचे सहा-सहा गुण. फेरसामन्यात केरी २-३ ते ०-६ असा जिंकला. स्वतःच्या युक्त्या छापून प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिल्यावरही.

याच १९१४ साली पुण्यात खो-खोचे नियम ठरवायला समिती बसली आणि अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. म्हणजे आपण मागे नव्हतो. देशी खेळांना नियम हवेत, संस्था हवी, मैदान हवं, हे आपल्या माणसांनाही त्याच सुमारास उमगलं होतं. अमरावतीच्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनला जाऊन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतूसकट देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत काढला. मग वाट कुठे फुटली? माझ्या मते ती इथे फुटली: नियम आपण लिहिले, पण खेळाडूची अक्कल लिहिली नाही. नियमपुस्तक सांगतं काय चालतं आणि काय चालत नाही. मैदान १३ बाय १० मीटरचं, निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटरवर, हे सगळं छापलेलं मिळतं. बोनसला पाय टाकणाऱ्याचा मागचा पाय नेमका कधी हवेत असतो, हे मात्र मराठीत छापलेलं शोधावं लागतं.

डिकीनच्या काळातल्या गोंधळाबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर इथे सगळं सुरळीत होतं असं वाटेल. १९०३चं अजिंक्यपद ठरायला १९०५चा नोव्हेंबर उजाडला. केरी आणि किल्डेअर यांचा पहिला सामना जुलैमध्ये टिपरेरीत झाला. केरीच्या गोलवरून वाद झाला, प्रेक्षक मैदानात शिरले आणि सामना पुन्हा खेळवावा लागला. ऑगस्टमध्ये कॉर्कला बरोबरी. ऑक्टोबरमध्ये पुन्हा कॉर्कला, तेव्हा केरी ०-८ ते ०-२ असा जिंकला. त्यानंतर लंडनच्या संघाला हरवून केरीचं पहिलं अजिंक्यपद नक्की झालं. गेलिक खेळांची संघटना (जीएए) गरीब, तक्रारी आणि हरकती भरपूर, सामने वर्ष-वर्ष लांबलेले. पण त्या तीन सामन्यांनी लोकांना इतकं वेड लावलं की फुटबॉलची गर्दी तिथून वाढतच गेली.

१९१० साली तर केरी अंतिम सामन्याला गेलीच नाही. समर्थकांना सवलतीच्या दरात तिकिटं देण्यावरून रेल्वे कंपनीशी बिनसलं, केरीने प्रवासाला नकार दिला आणि अजिंक्यपद न खेळताच लाउथ काउंटीला मिळालं. डिकीन तेव्हा ऐन उमेदीत होता. एक पदक कदाचित तिथेच हुकलं. पण लोकांना सोबत घेतल्याशिवाय जाणार नाही ही भूमिका केरीत अजून मानाने सांगतात, आणि मलाही ती पटते. सामना पाहायला येणारा माणूस हा खेळाचा भाग आहे, हे त्यांनी एक अजिंक्यपद घालवून दाखवलं.

तीन वर्षांनी त्याच लाउथशी गाठ पडली. खेळाचे पहिले आश्रयदाते, कॅशेलचे आर्चबिशप क्रोक यांच्या स्मारकासाठी स्पर्धा ठेवली होती. मे १९१३ मध्ये डब्लिनच्या जोन्स रोड मैदानावर अंतिम सामना बरोबरीत सुटला. फेरसामन्याआधी दोन्ही संघांनी जी तयारी केली तशी आधी कुणी केली नव्हती. खेळाडू एकत्र राहून सराव करू लागले. लाउथने तर बेलफास्टहून सॉकरचे प्रशिक्षक आणले. आता हे लक्षात घ्या: १९०२ पासून संघटनेने परदेशी खेळ खेळणाऱ्यांवर बंदी घातलेली होती. सॉकर खेळलात तर गेलिकमधून बाहेर. तरीही दम कसा वाढवायचा, धाव कशी सुधारायची, हे शिकायला त्यांनी सॉकरचाच दरवाजा ठोठावला. जूनच्या अखेरीला फेरसामना झाला, केरी २-४ ते ०-५ असा जिंकला, आणि या दोन सामन्यांच्या गर्दीतून आलेल्या पैशांच्या जोरावर संघटनेने तेच मैदान ३,५०० पौंडांना विकत घेतलं. त्याचं नाव ठेवलं क्रोक पार्क. आज तिथे ८२,३०० माणसं मावतात.

ज्यांना देशी खेळ शुद्ध ठेवायचा आहे त्यांनी क्रोकसाहेबांचं १८८४चं पत्र जरूर वाचावं. इंग्लंडचं कापड, इंग्लंडच्या फॅशन आणि इंग्लंडचे खेळ आपण आयात करतोय, असं दुखणं त्यात मांडलं आहे. आपल्याकडची स्वदेशी आणि बहिष्काराची भाषा ज्यांच्या कानावर आहे त्यांना ते परकं वाटणार नाही. बहिष्काराला इंग्रजीत जो शब्द आहे तो तर याच देशातल्या मेयो काउंटीतल्या एका साहेबाच्या आडनावावरून आला. त्या काळात ती भावना समजण्यासारखी होती. पण परदेशी खेळांवरची बंदी १९७१ पर्यंत चालली, आणि तिचं पुढे काय झालं हेही सांगितलं पाहिजे. १९३८ साली देशाचे अध्यक्ष डग्लस हाइड एका सॉकर सामन्याला हजर राहिले, म्हणून संघटनेने त्यांना आश्रयदातेपदावरून काढलं. आयरिश भाषा वाचवायला आयुष्य घातलेला माणूस! बंदीमुळे खेळ वाढला नाही. लोक लपून सॉकर खेळत राहिले. देशी खेळाभोवती कुंपण घातलं की तो सुरक्षित राहतो, असं आपल्याकडेही अनेकांना वाटतं. इथला अनुभव तसा नाही.

१९१६ साली डिकीनच्या कारकिर्दीला वेगळं वळण मिळालं. तो आयरिश व्हॉलंटियर्स या राष्ट्रवादी स्वयंसेवक दलात होता. डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या ईस्टरच्या उठावानंतर ब्रिटिशांनी शेकडो लोकांना धरून उत्तर वेल्समधल्या फ्रॉनगॉखच्या छावणीत डांबलं. जुनी मद्यभट्टी होती ती, आधी जर्मन युद्धकैदी ठेवलेले. तिथे साधारण १,८०० आयरिश कैदी होते, पुढे स्वातंत्र्यलढ्याचा नेता झालेल्या मायकल कॉलिन्ससकट. कैद्यांनी छावणीतल्या मैदानाला क्रोक पार्क म्हणायला सुरुवात केली आणि स्पर्धा भरवली. अंतिम सामना पुन्हा केरी आणि लाउथ, केरीचा कर्णधार पुन्हा डिकीन, आणि केरी एका पॉइंटने जिंकली. तुरुंगातही माणसं काउंटीवार संघ पाडून खेळली. खेळाडू कुठल्या गावचा हे तिथेही कुणी विसरलं नाही.

आणि माझ्या मते आपल्या वादाची खरी गाठ इथे आहे. गेलिक खेळात खेळाडू आपल्या परिसराच्या क्लबकडून खेळतो, आणि त्यातून निवडला गेला तर आपल्या काउंटीकडून. लिलाव नाही, पगार नाही. अंतिम सामन्यात ८२,००० लोकांपुढे खेळणारा माणूस मंगळवारी शाळेत शिकवत असतो किंवा बांधकामावर असतो. इथल्या मराठी घरांतली मुलंही राहत्या भागाच्या क्लबात जातात, कारण क्लब पत्त्यावरून ठरतो, आडनावावरून नाही. दोन पिढ्यांत ती मुलं त्या गावची होतात.

पण हे मॉडेल उचलून रत्नागिरीला किंवा सांगलीला ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण ते तिथे चालायचं नाही. आयर्लंडात हौशी खेळाडूच्या पाठीशी नोकरी असते, आरोग्यसेवा असते, प्रवासखर्च मिळतो, आणि गेल्या दोन दशकांत काउंटीच्या खेळाडूंना सरकारी अनुदानही मिळू लागलं. आपल्याकडचा कबड्डीपटू बहुतेकदा अशा घरातून येतो जिथे खेळ हीच नोकरीची वाट. रेल्वे, पोलीस, बँका, कंपन्यांचे संघ यांनी पन्नास वर्षं मराठी कबड्डी जगवली. पैसे आधीही होतेच, फक्त ते नोकरीच्या रूपात होते. लिलावात एखाद्या पोराला काही लाख मिळाले तर त्यात वाईट काही नाही. घरावर पत्रे जाऊन स्लॅब पडत असेल तर मातीच्या शुद्धतेवर त्याला भाषण ऐकवायचा अधिकार कुणालाच नाही. मला खटकतं ते एवढंच की लिलावानंतर त्या पोराचं नाव आणि त्याच्या मंडळाचं नाव यांची ताटातूट होते. टीव्हीवर तो कुठल्या तरी फ्रँचायझीचा चढाईपटू असतो. त्याला ज्यांनी आठव्या वर्षी चवड्यावर बसायला शिकवलं ते मंडळ कुठेच दिसत नाही. केरीच्या खेळाडूचं नाव सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत छापतात तेव्हा नावापुढे क्लब असतोच. किती साधी गोष्ट आहे. जर्सीच्या कॉलरवर मंडळाचं नाव आणि लिलावाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा मंडळाला, एवढी दोन कलमं करारात घालायला माती आडवी येत नाही आणि मॅटही येत नाही.

डिकीनचा शेवट दुःखद झाला. २६ सप्टेंबर १९३० रोजी किलार्नीच्या न्यायालयाच्या छतावरून पडून तो गेला, वय ४७. दोनच दिवसांनी केरीचा अंतिम सामना होता, मोनाहनशी. सामना झाला आणि केरी ३-११ ते ०-२ असा जिंकला. मग किलार्नीने त्याच्या नावाचं मैदान बांधायला घेतलं. ते ३१ मे १९३६ रोजी सुरू झालं. काम करणाऱ्यांत गावचे स्वयंसेवक होते आणि किलार्नीच्या मनोरुग्णालयातले रुग्णही होते. तिथले डॉक्टर एमन ओ'सलिव्हन यांची श्रद्धा होती की मोकळ्या हवेतलं अर्थपूर्ण काम हा उपचार आहे. हेच डॉक्टर केरीचे प्रशिक्षक. त्यांच्या हाताखाली केरीने आठ अजिंक्यपदं मिळवली, आणि १९५८ साली त्यांनीही या खेळाच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं. म्हणजे १९१४ मध्ये एका कर्णधाराने लिहिलं, ४४ वर्षांनी एका प्रशिक्षकाने त्यापुढे लिहिलं. केरीची आज ३९ अजिंक्यपदं आहेत, सगळ्या काउंट्यांत जास्त. जुलै २०२५ मध्ये ३९वं आलं ते पुन्हा नव्या नियमांखाली: ४० मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या चेंडूला आता दोन गुण आहेत. नियम बदलले, केरीने लांबून मारायचा सराव वाढवला, आणि डोनेगलला १-२६ ते ०-१९ असं हरवलं.

लिहिलेलं आणि शिकवलेलं ज्ञान किती लांब जातं याचं आपलंही उदाहरण आहे. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिला संघाने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवून कबड्डीचं सुवर्ण नेलं. त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी इराणी मुलींना सरावासोबत योगासनं आणि प्राणायाम शिकवले, त्यांच्याशी बोलता यावं म्हणून फारसी शिकून घेतली. त्यावर आपल्याकडे काही दिवस कुजबुज झाली की घरचं ज्ञान बाहेर गेलं. ज्ञान बाहेर गेलं याचं दुःख नको. ते घरात वहीवर उतरलेलं नाही याचं असावं.

उदाहरणादाखल कोपरारक्षकाची घोटा पकड घ्या. चढाईपटू बोनससाठी पुढचा पाय रेषेपलीकडे टाकतो तेव्हा त्याचा मागचा पाय क्षणभर हवेत असतो, कारण तेव्हाच बोनस धरतात. त्या क्षणी तो एका पायावर उभा आहे. कोपऱ्याने खाली, चवड्यांवर वजन ठेवून बसायचं, नजर चढाईपटूच्या हातावर नाही तर कमरेवर, कारण हात फसवतो, कंबर फसवत नाही. टेकलेल्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी धरून छातीकडे ओढायचा, आणि डोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचं, नाहीतर त्याचा गुडघा कपाळावर बसतो. एका हाताने धरलं की पाय निसटतो. धरल्यावर गुडघ्यांवर बसून राहिलं तर चढाईपटू तुमच्यासकट मध्यरेषेपर्यंत सरपटत जातो, म्हणून साखळीतल्या जोडीदाराने त्याच क्षणी कमरेला यायचं. मातीत अनवाणी घोट्यावर पकड घट्ट बसते, पण तुमचाही पाय सरकतो. मॅटवर चढाईपटूच्या बुटाला जोर मिळतो, मोज्यावरून हात निसटतो, म्हणून पकड दोन बोटं वर, पोटरीच्या सुरुवातीला घ्यावी लागते आणि झेप अर्ध्या क्षणाने आधी. दोन्हीकडे पकडणारा तोच असतो. बदलतं ते हे दोन बोटांचं अंतर.

हे लालबाग-परळच्या, कोकणातल्या, सांगली-कोल्हापूरच्या ज्या वयस्क प्रशिक्षकांना नुसत्या आवाजावरून कळतं, त्यांच्यातले बरेच आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यासमोर एक वही, एक मोबाइल कॅमेरा आणि मंडळातली दोन पोरं प्रात्यक्षिकाला, एवढं घेऊन रविवारी सकाळी बसलं तर एका बैठकीत तीन-चार पकडी नीट उतरवता येतात: पाय कुठे, नजर कुठे, हात कुठून, चुकतं कशामुळे, मातीवर काय बदल आणि मॅटवर काय. पहिली बैठक घोटा पकडीची घ्यावी.